खवट

३ फेब्रुवारी, सोमवार

बारा थाळ्या! एका दिवसात बारा थाळ्या पेशी मारल्या प्रयोगशाळेतल्या नवीने.

त्या पेशी वाढवायला मला नऊ दिवस लागले होते. रोज आठच्या ठोक्याला येऊन त्यांचं पोषक पाणी बदला, बाटली उजेडासमोर धरा, बघा, पुन्हा उबेत ठेवा — बाळंतिणीचं करावं तसं केलं. आणि हिने स्मशान करून ठेवलं. वर तोंड करून सांगते, "मॅडम, मी अगदी तुमच्या वहीत लिहिलंय तसंच केलं."

तसंच केलं असतं तर जगल्या असत्या! चौदा वर्षं जगताहेत.

प्रयोग इतका सोपा की शाळेतली पोर करेल. थाळीतल्या पेशींना माशाच्या तेलातलं असंतृप्त मेदाम्ल पाजायचं. एक दिवस मुरू द्यायचं. मग वरून पेशी जाळणाऱ्या पेरॉक्साइडचा मारा करायचा. मेदाम्ल प्यायलेल्या पेशी तगतात, न प्यायलेल्या मरतात. संपलं. ह्याच निकालावर आमच्या प्रमुखाचा निबंध, निबंधावर त्याचं नाव, नावावर ही प्रयोगशाळा, तीन इन्क्युबेटर आणि दारावरची पितळी पाटी.

नवीला येऊन तीन आठवडे झाले. एकतिशीची आहे, डॉक्टरेट दुसरीकडून करून आली. आपण शिंकलो तरी वहीत टिपून घेते. मी नाव ठेवलंय — टिपकागद.

५ फेब्रुवारी

प्रमुख आज रंगात होता. समोर तीन माणसं बसली की हा उभा राहतो, म्हणून माझ्या लेखी तो 'भाषण'. तोंडावर अर्थात 'सर'.

कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीचे लोक आले होते. चकचकीत बूट, प्रयोगशाळेत शिरताना नाकाला रुमाल. भाषण त्यांना सांगत होता, "पेशीचं आवरण मेदाचंच असतं. त्यात हे मेदाम्ल जाऊन बसलं की पेशीला चिलखत मिळतं. बाहेरून ऑक्सिडेटिव्ह ताणाचा कितीही मारा होऊ द्या!" चिलखत! हा शब्द त्याने मागच्या वर्षी शोधला, तेव्हापासून लग्नामुंजीत, कुठल्याही कार्यक्रमात तेच.

ते चिलखत ज्या हातांनी थाळीत घातलं ते हात दोन फुटांवर थाळ्या धूत होते. "माझी टीम," म्हणाला आणि हवेत हात फिरवला. त्या हात फिरवण्यात मी, टिपकागद, फ्रीज आणि कचऱ्याची बादली, सगळे आलो.

६ फेब्रुवारी

टिपकागदाने आज मला 'ताई' म्हटलं. मी म्हटलं, मला भावंडं पुरेशी आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा मेल्या. ह्या वेळी अठरा थाळ्या.

भाषणाच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावणं. टिपकागद लाल होऊन उभी. मी मुद्दाम भिंतीवरच्या त्याच्या प्रशस्तिपत्रांकडे बघत राहिले. एकाची काच तडकलीय, तीन वर्षं तशीच.

"बाई, तुम्हीच एकदा करून दाखवा हिला," तो म्हणाला.

बावीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांच्या बाबतीत ऐकलं असेल! येतात, आमचं सगळं पोथीत वाचल्यासारखं पाठ करून येतात, पिपेट धरतात ती पेन धरल्यासारखी. मग शेवटी — बाई, तुम्हीच करा.

करते.

१३ फेब्रुवारी

मेल्या.

१४ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

माझ्या हातांनी, माझ्या पेशी, माझी वही. तीन रांगा लावल्या होत्या. पहिलीत काहीच पाजलं नाही. दुसरीत ऑलिव्हच्या तेलातलं मेदाम्ल. तिसरीत माशाच्या तेलातलं, आमचं लाडकं. मग सगळ्यांवर पेरॉक्साइड आणि तो रंग, जो पेशीवर ताण आला की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा पेटतो.

पहिली रांग हिरवट. दुसरी जवळजवळ काळोखी — म्हणजे पेशी आरामात. तिसरी? दिवाळखोराच्या दुकानाची शेवटची रोषणाई असावी तशी! हिरवीगार. चार तासांत पेशी गोल झाल्या, सुटल्या, तरंगायला लागल्या.

पहिल्यांदा वाटलं पेरॉक्साइड जास्त पडलं. पण मला जास्त पडत नाही. माझ्या हातून कधीच जास्त पडत नाही.

टिपकागद शेजारी उभी होती. "बघा, तुमच्याही मेल्या" — असं म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याऐवजी चहा आणून ठेवला. मग हळूच म्हणाली, "मला ह्याचं नवल वाटत नाहीये."

"मग कसलं वाटतंय?"

"चौदा वर्षं त्या जगत होत्या, त्याचं."

आणि कागदावर साखळी काढून मला शिकवायला बसली. मला! पण नीट सांगितलं, हे लिहायला हवं. संतृप्त मेदाम्लात साखळीतल्या प्रत्येक कार्बनच्या जागा हायड्रोजनने भरलेल्या. असंतृप्तात मधे मधे दुहेरी बंध. ऑलिव्हवाल्यात एकच. माशाच्या तेलातल्यात सहा. दोन दुहेरी बंधांच्या मधे सापडलेला हायड्रोजन ढिला असतो, तो चटकन ओढून नेता येतो. एकदा नेला की ती साखळी ऑक्सिजनला धरते आणि शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते. मग ती तिच्या शेजारच्या साखळीचा.

"म्हणजे तेल खवट होतं तसं," मी म्हटलं.

"तसंच. फक्त पेशीच्या आवरणातच."

म्हणजे चिलखत नव्हे. वाळलेल्या गवताचा अंगरखा.

तरी मेदाम्ल म्हणजे विष नाही, असंही ती घाईघाईने म्हणाली. थोडं दिलं, हळूहळू दिलं, जोडीला ई जीवनसत्त्व असलं तर पेशी स्वतःची तटबंदी वाढवते. सगळं मापावर आहे. मी म्हटलं, हे मला सांगू नकोस, मापावरच माझं पोट आहे.

१५ फेब्रुवारी

नवऱ्याच्या कॅप्सूलची बाटली उचलली. शाळेतून निवृत्त झालेला कवायतीचा मास्तर, आयुष्यभर दुसऱ्यांना 'छाती पुढे' म्हणत आला. आता स्वतःची छाती सांभाळायला रोज दोन कॅप्सूल. भाषणाची वर्तमानपत्रात मुलाखत आली तेव्हापासून. ते कात्रण फ्रीजवर लावलंय!

एक कॅप्सूल सुईने टोचली, वास घेतला. खवट! स्वच्छ, ठसठशीत खवट. त्याच्या नाकाखाली धरली.

"असाच असतो गं वास. माशाचा आहे ना."

"मासा असा वास मारत नाही. मेलेलं तेल असा वास मारतं."

"तू आजकाल तेलासारखीच बोलतेस," म्हणाला आणि दुसरी कॅप्सूल गिळली. ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

१८ फेब्रुवारी

प्रश्न टिपकागदाने विचारला. मला सुचायला हवा होता, म्हणून चिडचिड झाली.

"पूर्वी हे मेदाम्ल कुठून यायचं?"

गेल्या वर्षी खरेदी विभागाने पुरवठादार बदलला. नवं जास्त शुद्ध, शिवाय वेळेवर येतं. जुन्याचा साठा गेल्या महिन्यापर्यंत पुरला. त्या आधी तेरा वर्षं एकाच ठिकाणाहून यायचं, छोट्या तपकिरी बाटल्यांतून. सकाळभर खालचा फ्रीजर उपसला. बर्फाच्या भिंतीत एक सापडली, अर्धी भरलेली. लेबल माझ्याच अक्षरातलं.

जुन्या बाटलीतलं पाजलं — पेशी जगल्या. नव्या बाटलीतलं पाजलं — मेल्या. शेजारी शेजारी, एकाच दिवशी, एकाच हाताने.

भाषण दौऱ्यावर आहे. कुठे तरी चिलखत घालतोय लोकांना.

१९ फेब्रुवारी

प्रत्येक बाटलीबरोबर पुरवठादाराचं माहितीपत्रक येतं. ती सगळी निळ्या फाईलमध्ये लावणं माझं काम. आज फाईल काढली. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: 'खवटपणा रोखण्यासाठी अल्प प्रमाणात प्रतिऑक्सिडीकारक मिसळले आहे.'

तेरा वर्षं दर खेपेच्या पत्रकावर हीच ओळ. आणि त्याखाली दर खेपेला 'वाचले व फाईल केले', त्यापुढे सही.

माझी.

वाचलं होतं का मी? वाचलं असणार. मी न वाचता सही करत नाही. तो शब्द वाचला आणि मनात म्हटलं असेल, असेल काहीतरी त्यांचं. मला कोणी सांगितलं होतं त्याचा अर्थ काय? मी बारावी आणि एक पदविका! डॉक्टर कोण आहे इथे? परिषदा कोण करतं? पत्रक बघणं हे प्रमुखाचं काम. एकदा, फक्त एकदा जरी त्याने ती फाईल उघडली असती!

टिपकागदाने सही बघितली. तिचं हे न बोलणं मला आता सहन होईनासं झालंय.

२५ फेब्रुवारी

आज निकाल लागला. चार रांगा.

काही नाही — पेशी अर्ध्यामुर्ध्या मेल्या.

नवं शुद्ध मेदाम्ल — साफ मेल्या.

नवं मेदाम्ल आणि त्यात तो खवटपणा रोखणारा पदार्थ, पत्रकात लिहिलाय तेवढाच — जगल्या.

आणि चौथी रांग, जी लावायला टिपकागद कचरली म्हणून मी पिपेट काढून घेतली. मेदाम्ल नाहीच. नुसता तो पदार्थ.

जगल्या! सगळ्यांत छान जगल्या. काळ्याभोर पाटीवर एक हिरवा ठिपका नाही.

म्हणजे चौदा वर्षं पेशींना वाचवत होता तो बाटलीतला राखणदार. मेदाम्ल फुकटचा मान घेत होतं. थेट आमच्या प्रयोगशाळेची कथा — काम करणारं कोणी आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात. मी हसले. टिपकागदाला कळलं नाही का हसले.

२७ फेब्रुवारी

भाषणाला सांगितलं.

टिपकागदाने चित्रं टेबलावर मांडली, मी फाईल. त्याने चष्मा लावला. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. चौथ्यावर थांबला. मग फाईल उघडून ते तळाचं वाक्य वाचलं. पान उलटलं. पुढचं वाचलं. एकेक करत सगळी पानं उलटली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. बावीस वर्षांत ह्या माणसाच्या खोलीत मी घड्याळ ऐकलं नव्हतं.

वाटलं आता तोंड उघडेल तर काहीतरी मोठं बोलेल. विचारलं काय? "आणखी कोणाला सांगितलंत?"

झालं! पहिली काळजी ही.

"कोणाला नाही," टिपकागद म्हणाली.

"सध्या सांगू नका. आणि बाई, ही फाईल माझ्याकडे राहू दे."

फाईल राहू दे! म्हणजे काय ते कळायला डॉक्टरेट लागत नाही. फाईल काखेत मारून, बॅग विसरून, तो तडक निघून गेला. उद्या विचाराल तर फाईल कुठली, पत्रक कुठलं.

४ मार्च

पाच दिवस झाले, फाईल नाही. भाषण येतो, दार लावून बसतो. दोन व्याख्यानं रद्द केली म्हणे. तब्येत बरी नाही. अर्थातच. असल्या वेळी प्रकृती फार नाजूक होते माणसांची.

टिपकागदाला म्हटलं, "तुझ्या मोठ्या माणसाने तुला गप्प बसवलं."

"सर म्हणाले, थोडं थांब, मी बघतो."

"चौदा वर्षं बघत होते ना?"

"मॅडम, मला त्यांच्यावर विश्वास आहे."

विश्वास! तीन आठव— नाही, आता सात आठवडे झाले तिला. सात आठवड्यांत बसलेला विश्वास! कागद पाण्यात विरघळायलाही ह्याहून जास्त वेळ लागतो. पोरीला कणाच नाही.

८ मार्च, शनिवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मग फाईलचं काय केलं, तू विचारलंस का त्यांना?"

"कशाला विचारू? कळत नाही का?"

"मला नाही कळलं. म्हणून म्हटलं."

ह्यांना कवायत शिकवायला ठेवलं ते योग्यच होतं.

बाय द वे, कॅप्सूलची बाटली कट्ट्यावरून गेलीय. मी काढली नाही.

१२ मार्च

चकचकीत बूट पुन्हा आले. दार बंद. पण आमच्या दारांना खालून दोन बोटं फट आहे आणि मला खालचं कपाट लावायचंच होतं.

बूटवाला: "...आपण सगळेच बुडू, तुमच्या लक्षात येतंय का?"

मग भाषणाचा आवाज, खाली गेलेला: "आता हे थांबवता येणार नाही."

बस्स. आणखी काय ऐकायचं राहिलं? माल बाजारात जाणार, कात्रणं फ्रीजवर लागणार, माझ्या नवऱ्यासारखे हजारो बावळट सकाळी उठून खवट तेल गिळणार, का — तर आता थांबवता येणार नाही! बूटवाले बाहेर पडले ते तोंड पाडून. नाटकी लेकाचे.

भाषण दारात उभा होता. मला वाकलेली बघून म्हणाला, "बाई, कंबर सांभाळा."

मनात जे आलं ते इथेही लिहिणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

केलं.

अर्धा दिवस रजा टाकली. दोन रस्ते पलीकडे ते टंकलेखनाचं दुकान आहे, तिथे जाऊन संचालकांच्या नावाने पत्र टाइप करून घेतलं. नाव घातलं नाही. टाइप करणारी बाई च्युइंगगम चघळत विचारते, "प्रति-ऑक्सि-काय?" तिला अक्षरं सांगता सांगता घाम फुटला.

सगळं लिहिलं. जुनी बाटली, नवी बाटली, चार रांगा, पत्रकातली ओळ. फाईल प्रमुखांनी ताब्यात घेऊन गायब केली, तेही. एक वाक्य जरा पुढे गेलं: 'प्रमुखांना हे सुरुवातीपासून माहीत होते.' पुढे गेलं तर गेलं. माहीत असायला हवं होतं. हवं होतं आणि होतं ह्यात असा कितीसा फरक?

सहीबद्दल लिहिलं नाही. ते विचारलं तर सांगेन.

पाकीट पेटीत टाकलं. परत येऊन चार वाजताच्या पेशींना पाणी दिलं.

१८ मार्च

काय झपाटा! पत्र सोमवारी पोचलं असेल. आज दुपारी फलकावर सूचना: चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रयोगशाळा प्रमुखांना कामावरून दूर ठेवण्यात येत आहे. खाली संचालकांची सही, ऐसपैस.

भाषणाने खोली आवरली. एक खोका. एवढ्या मोठ्या माणसाचं सगळं एका खोक्यात मावलं, तेही अर्ध्या. तडकलेल्या काचेचं प्रशस्तिपत्र भिंतीवरच सोडलं.

जाताना आमच्या खोलीत आला. टिपकागद रडायलाच लागली. मी थाळ्या मोजत होते.

"बाई," म्हणाला, "पेशींकडे लक्ष असू द्या. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

ह्या वेळीही भाषण केलं नाही! लोक ऐकायला नसले की हा माणूस उरतच नाही.

१९ मार्च

संचालकांचं निवेदन आलं छापून. 'तक्रार प्राप्त होताच संस्थेने तत्परतेने कारवाई केली.' निवेदनात संस्थेची प्रतिमा तीनदा आणि पेशी एकदाही नाहीत. तरी काम झालं. जिन्यात, चहाच्या मशीनपाशी, सगळीकडे एकच विषय. 'मला आधीपासून वाटतच होतं' म्हणणारे आज सतरा जण भेटले. कालपर्यंत ह्यातले सगळे चिलखतावर माना डोलवत होते! शेवाळ नुसतं. पाणी जिकडे वाहील तिकडे.

लेखा विभागातला एक मला म्हणाला, "कोणी लिहिलं असेल हो? दम आहे माणसात."

मी म्हटलं, काय माहीत.

छान वाटलं. खोटं कशाला लिहू?

२१ मार्च

टिपकागद माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं. 'मॅडम'ही नाही, 'ताई'ही नाही. नुसतं, "ते पोषक पाणी द्या."

तिला वाटत असेल मी. वाटू दे. पत्र लिहायला जे लागतं ते तिच्यात नाही, म्हणून राग.

तिचा नवा निबंध मात्र तयार होतोय. एक दुहेरी बंध, दोन, तीन, सहा — बंध वाढत जातील तसा पेशीतला हिरवा उजेड कसा वाढतो. कुठल्या मापाला तटबंदी उभी राहते आणि कुठल्या मापानंतर ढासळते. रांगा मीच लावते. काम चोख आहे. पोरीचं डोकं चालतं, नुसतंच टिपत नाही, एवढं म्हणायला हरकत नाही. इथेच म्हणते, तिला सांगणार नाही.

२५ मार्च

काही नाही. पेशींना पाणी दिलं. खोलीत कोणी बोलत नाही, तर इन्क्युबेटरचा पंखा किती घरघरतो ते कळतं. दुरुस्तीवाल्याला कळवायला हवं.

२८ मार्च, शुक्रवार

संचालकांच्या कार्यालयातला लेखनिक निळी फाईल परत घेऊन आला. "तुमच्या खोलीची आहे, इथे सही करा," म्हणाला. केली. ह्या वेळी आधी सगळी पानं वाचली.

शेवटी सरांच्या पत्राची प्रत लावलेली होती. संचालकांच्या नावाने. आवक शिक्का ३ मार्चचा. माझ्या पत्राच्या अकरा दिवस आधीचा.

त्यांनी सगळं लिहिलंय. चारही रांगा. जुना निबंध मागे घेत असल्याचं मासिकाला कळवलं आहे, कंपनीलाही कळवतो आहे, फाईल पुरावा म्हणून सोबत जोडतो. शोध नवीन सहकारी आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ह्यांचा आहे, त्याचं श्रेय त्यांनाच मिळावं. आणि खाली: 'पत्रकांवर सही तंत्रज्ञांची आहे. त्या ओळीचा अर्थ त्यांना समजावून सांगणे माझे काम होते. चौदा वर्षांत मी ते केले नाही. दोष केवळ माझा.'

समासात संचालकांचं अक्षर, लाल शाईत: 'तूर्त कुठेही वाच्यता नको. वाट पाहू.'

संचालक अकरा दिवस वाट पाहत होते. मग सगळा दोष सरांवर ढकलणारं पत्र मीच टाइप करून पाठवलं.

सोमवारी दहा वाजता संचालकांना भेटायचं आहे. वेळ मी मागून घेतली. त्याच्या आधी सरांच्या घरी जाईन. पत्ता टिपकागदाकडून घेतला. तिने कागदावर लिहून दिला, का ते विचारलं नाही.